मोठ्या बाबांच्या मुदतपूर्व सुटकेसाठी दयेचा अर्ज करायचा आहे, मार्गदर्शन हवं

अडाणकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथं वाचायला येतो, लिहायची वेळ आज पहिल्यांदाच आली.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ७६ वर्षांचे आहेत. जून २००९ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारच्या शेतकऱ्याशी त्यांचं भांडण झालं. ते बोरीच्या काट्या तोडत होते, हातात कुऱ्हाड होती. तो माणूस तिथंच गेला. बाबा वावरातून सरळ पोलीस पाटलाकडे चालत गेले. २०११ ला सत्र न्यायालयानं कलम ३०२ खाली जन्मठेप दिली. हायकोर्टात अपील टिकलं नाही.

सध्या ते अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर घरी आहेत. मोठ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यासाठी ३० दिवस मिळाले. २२ तारखेला त्यांना परत नेऊन पोचवायचं आहे. जामीनदार मी आहे. सोळा वर्षांत दर वेळी मीच उभा राहिलो आणि एकदाही ते एक दिवस उशिरा गेले नाहीत.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा पिकलाय. साखर आहे, गुडघे गेलेत. मोठ्या आईला उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस बाबा होऊ शकत नाहीत, हे त्यांना कळतं. तरी ते रात्रभर तिच्या खाटेजवळ बसून असतात. माझं म्हणणं एवढंच की, यांनी आता उरलेले दिवस घरी काढावेत. राज्यपालांकडे दयेचा अर्ज करायचा असं ठरवलंय. गावातून दीडशे सह्या होतील. मसुदा खाली देतो, चुका सांगा.

"…अर्जदाराचे काका हे वयोवृद्ध, आजारी व शेतकरी कुटुंबातील असून, सदर दुर्दैवी घटनेपूर्वी त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल नव्हता. सदर घटना क्षणिक रागाच्या भरात घडली. कारागृहातील त्यांची वर्तणूक उत्तम आहे. त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे. तरी त्यांच्या वयाचा व प्रकृतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन उर्वरित शिक्षा माफ करण्यात यावी, ही नम्र विनंती…"

तूरझोडणी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मास्तर, वाचून जीव कसानुसा झाला. माह्या आजाचा भाऊ असाच गेला होता जेलात, बुढा तिथंच सरला. मयत आनाले आमी गेलो होतो. सह्या पायजेन असतीन त सांगा, आमच्या गावातून बी आनतो. बुढा मानूस आता कोनाचं काय करते? सोडाले पायजे सरकारनं.

कोर्टाची_पायरी | ३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी नागपूर खंडपीठात फौजदारी प्रकरणं चालवते. सर, आधी एक गोष्ट नीट वेगळी करू, कारण गावाकडे या दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते.

एक रस्ता दयेचा. घटनेच्या कलम १६१ नुसार राज्यपाल शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात. प्रत्यक्षात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. मारू राम प्रकरणात १९८० ला सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. त्याच निकालानं हेही सांगितलं की, १४ वर्षांची अट राज्यपालांच्या या अधिकाराला बांधत नाही.

दुसरा रस्ता मुदतपूर्व सुटकेचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७३ आहे. खुनासारख्या, फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप असेल तर कलम ४७५ आडवं येतं: प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सुटका नाही. ही १४ वर्षं, चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारे माफीचे दिवस न धरता मोजतात. आणि १४ झाली म्हणजे माणूस आपोआप सुटतो, हाही गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. १९६१ पासून कायदा हेच सांगतो. वीस वर्षांचा जो आकडा लोक सांगतात तो फक्त शिक्षेचे भाग पाडून हिशेब करायला वापरतात.

तुमच्या बाबांचं काम बहुधा दुसऱ्या रस्त्यानं होण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की, राज्याचं सुटकेचं धोरण असेल तर त्यात बसणाऱ्या प्रत्येक कैद्याचा विचार सरकारनं स्वतःहून केला पाहिजे, कैद्यानं अर्ज केला नसला तरी. आणि नकार द्यायचा तर कारण लिहून कैद्याला कळवलं पाहिजे. म्हणून तुमच्या पत्रात हात जोडण्याइतकाच हक्काचाही भाग आहे.

आता सांगा: प्रत्यक्ष किती वर्षं झाली? "सोळा वर्षं" असं उत्तर नको. कोविडमध्ये ते बाहेर होते का?

अडाणकाठ | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

ताई, होते. मे २०२० मध्ये नियम निघाला की ज्यांची शिक्षा सात वर्षांहून मोठी आहे, पण मागच्या दोन्ही रजांवरून वेळेवर परतलेत, त्यांना तातडीचा पॅरोल द्यायचा. बाबा त्यात बसले. पंचेचाळीस दिवसांची रजा तीस-तीस दिवसांनी वाढत गेली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात परत बोलावलं. दोन वर्षं घरी होते. त्या दोन वर्षांत त्यांनी पऱ्हाटी वेचली, निंदण केलं, ढोरं पाहिली. आम्हाला वाटायला लागलं होतं की आता हे घरचेच झाले.

कोर्टाची_पायरी | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

ती दोन वर्षं मोजणीतून जातात, सर. महाराष्ट्रात १९५९ चे फर्लो आणि पॅरोलचे नियम आहेत. संचित रजा, म्हणजे फर्लो, शिक्षेत धरली जाते. अभिवचन रजा धरली जात नाही. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच म्हटलं, की १४ वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. कोविडमध्ये घरी आलेल्या कितीतरी जन्मठेपेच्या कैद्यांचा हिशेब यामुळे दोन-दोन वर्षांनी मागं गेलाय, आणि घरच्यांना ते प्रस्ताव परत येईपर्यंत माहीतच नसतं.

खटला चालू असताना कच्चे कैदी म्हणून आत काढलेले दिवस मात्र धरतात. ते सोडू नका.

अडाणकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

सगळे कागद घेऊन बसलो. बाबांकडे एक पिशवी असते, खताच्या पोत्याची शिवलेली. त्यात प्रत्येक रजेचा सुटकेचा आदेश, ठाण्यातल्या हजेरीचे कागद, परत गेल्याची पावती, सगळं वर्षवार घडी घालून ठेवलेलं. माझ्या स्वतःच्या पेन्शनचे कागद एवढे नीट नाहीत.

अटक जून २००९. आजपर्यंत सोळा वर्षं पाच महिने. कोविडचे दोन वर्षं गेले. बाकीच्या पॅरोलचे मिळून चार महिने गेले. उरले चौदा वर्षं आणि एक महिना. म्हणजे आत्ता कुठे रेषा ओलांडली. मी दोन वर्षांपासून एका कार्यालयात चकरा मारत होतो, "चौदा कधीच झाले, प्रस्ताव का पाठवत नाही" म्हणून भांडत होतो. एकानंही हा हिशेब बसवून समजावून दिला नाही. "वरून आलं नाही" एवढंच उत्तर मिळायचं.

हिंजवडीतला_वऱ्हाडी | ४ नोव्हेंबर, रात्री १०.००

काका, आझादीच्या अमृत महोत्सवात ६० वर्षांवरच्या पुरुषांना अर्धी शिक्षा झाली की सोडलं होतं ना? त्यात यांचं नाव का नाही गेलं? आमच्या तालुक्यातले एक जण सुटले होते.

कोर्टाची_पायरी | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४५

ती सवलत १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३ आणि १५ ऑगस्ट २०२३ अशा तीन टप्प्यांत होती आणि जन्मठेपेचे कैदी त्यातून वगळलेले होते. तुमच्या तालुक्यातल्या माणसाची शिक्षा ठरावीक वर्षांची असणार.

वयाचं म्हणाल तर राज्याची जानेवारी २००६ ची एक अधिसूचना आहे, ६५ ओलांडलेल्या अशक्त कैद्यांसाठी. एप्रिल २०२४ मध्ये आमच्याच खंडपीठानं एका गाजलेल्या प्रकरणात तिचा लाभ द्यायला सांगितलं, पण जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तो कैदी मोक्काखालचा होता, तुमचं प्रकरण वेगळं आहे. अर्जात तिचा उल्लेख जरूर करा, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. मुख्य आधार १५ मार्च २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांचा घ्या, कारण शिक्षा २०११ ची आहे आणि शिक्षेच्या दिवशी जे धोरण होतं ते लागू होतं. त्यात शेतजमिनीच्या वादातून झालेल्या खुनांचा वेगळा प्रकार केलाय. एकट्यानं की अनेकांनी, रागाच्या भरात की ठरवून, किती क्रूरपणे, यावर माफी धरून किती वर्षं व्हायला हवीत ते ठरतं. निकालपत्र काढून आणा. न्यायाधीशांनी "पूर्वतयारी नव्हती" असं कुठे लिहिलंय का, ते बघा. त्या एका वाक्यावर प्रकार ठरतो.

बराक_नंबर | ५ नोव्हेंबर, दुपारी १.१०

मी कारागृह खात्यात ३१ वर्षं काढली, रक्षक म्हणून लागलो आणि निवृत्त झालो. कोणत्या कारागृहात ते सांगत नाही.

गुरुजी, सह्यांचं गाठोडं फाईलमध्ये शेवटी लागतं. आधी तीन-चार कागद वाचले जातात. कैद्याची नोंद, म्हणजे काम, शिस्त, किती माफी मिळवली, रजेवरून वेळेत आला का. मग वैद्यकीय अहवाल. मग पोलीस अधीक्षकांचा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा अभिप्राय. मग ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याचं मत. तुमच्या माणसाची पहिली बाजू पक्की आहे. इतक्या रजा आणि एकही उशीर नाही, असे कैदी मी बोटावर मोजण्याइतके पाहिले. प्रस्ताव अडतो तो पोलिसांच्या अहवालाशी. "सुटका झाल्यास गावातील शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की डोळे मिटून लिहीन. ते वाक्य तिथं का येतं आणि ते येऊ नये म्हणून गावात काय बदललं, हे दाखवा.

आणखी एक. आतल्या म्हाताऱ्या माणसाला सुटकेचा दिवस सांगू नका. "पुढच्या महिन्यात होईल" असं घरचे प्रेमानं म्हणतात. मग तो माणूस जेवण टाकतो. मी पाहिलंय.

पांढरी_माती | ५ नोव्हेंबर, रात्री ११.२०

लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

माझ्या वडिलांना मी नववीत असताना मारलं. बुलडाणा जिल्हा. कारण पाण्याची पाळी. मारणारा आमच्याच भावकीतला. त्याच्या सुटकेसाठीही गावानं अर्ज केला होता आणि त्यावरही शंभरावर सह्या होत्या. त्यात माझ्या शाळेतल्या बाईंची सही होती. माझ्या आईला कोणी विचारलं नाही. तिला ते किराणा दुकानात कळलं.

गुरुजी, तुमचा मसुदा तीनदा वाचला. त्यात तुमचे बाबा आहेत, त्यांचे डोळे आहेत, गुडघे आहेत, त्यांची बायको आहे. मेलेला माणूस कुठं आहे? "सदर दुर्दैवी घटना." दुर्दैवी घटना म्हणजे वीज पडणं. एका माणसानं एका माणसाला कुऱ्हाडीनं मारलं, आणि तुमच्या अर्जात त्याचं नावसुद्धा नाही. त्याला लेकरं किती होती? त्याचं वावर आता कोण वाहतं? ती बाई सोळा वर्षं कशी जगली? तुम्ही शेजारी आहात, तुम्हाला माहीत असणार.

तुमच्या बाबांनी आतच मरावं असं मी म्हणत नाही. म्हातारं माणूस जेलात मेल्यानं माझे बाबा काही परत येत नाहीत, हे मलाही आता चाळिशीत कळतं. पण दया मागता तर कशाबद्दल मागता, ते तरी पूर्ण लिहा.

तूरझोडणी | ६ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

ताई, माफ करजा. मी पयले "बुढा मानूस कोनाचं काय करते" असं लिवलं. तुमचं वाचून लाज वाटली. त्या बाजूनं मी इचारच केला नाई.

कोर्टाची_पायरी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

पांढरी_माती, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कायद्याच्या बाजूनंही ते महत्त्वाचं आहे. २००६ मध्ये आंध्रातल्या एका प्रकरणात राज्यपालांनी दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली होती. माफी देताना मृताच्या कुटुंबावर आणि समाजावर काय परिणाम होईल तेही पाहावं लागतं, असं त्यात सांगितलंय. आणि २००० च्या लक्ष्मण नस्कर निकालातले प्रश्नही असेच आहेत: गुन्ह्याचा समाजावर परिणाम, पुन्हा घडण्याची शक्यता, गुन्हा करण्याची ताकद उरली का, आत ठेवून काही साधतं का, कैद्याच्या घरची स्थिती काय.

सर, फक्त एक सांगते. त्या बाईंकडे सही मागायला जाऊ नका. सरपंच आणि दहा माणसं घेऊन तर मुळीच नाही. विधवा बाईच्या अंगणात दहा माणसं उभी राहून "सही करा" म्हणाली तर तिला नाही म्हणायला जागा राहते का? पोलीस त्यांचा जबाब स्वतंत्र घेतील. तो त्यांना हवा तसा देऊ द्या.

अडाणकाठ | ७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काल दिवसभर काही लिहवलं नाही.

पांढरी_माती, तुम्ही विचारलंत ते सगळं मला माहीत आहे. त्यांना दोन मुलं आणि एक मुलगी होती. धाकटा माझ्या वर्गात होता, तिसरीत. बाप गेल्यावर महिनाभर तो शाळेत आला नाही आणि आला तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. मारणाऱ्याचा पुतण्या त्याचा मास्तर. मी त्याची हजेरी घ्यायचो, तो "हजर" म्हणायचा, एवढंच. चौथीनंतर तो दुसऱ्या गावच्या शाळेत गेला. थोरला सालगडी म्हणून राहिला तेव्हा सोळाचा होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते पाच एकर सोडलं नाही. बोंडअळी आली त्या २०१७ च्या हंगामात सगळ्यांनी पऱ्हाटीत ढोरं सोडली तेव्हा त्यांनीही सोडली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं.

हे सगळं मला माहीत असून मसुद्यात आलं नाही. मी विसरलो नव्हतो, मी ते मुद्दाम बाहेर ठेवलं. लिहिलं तर अर्ज कमजोर होईल असं वाटलं.

बाबांना वाचून दाखवलं, तुमचं सगळं. त्यांना इंटरनेट वगैरे कळत नाही, कोणा बाईनं पत्र लिहिलं असं समजले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं हाये तिचं. लिवा त्याचं नाव." नाव मी इथं देत नाही, पण अर्जात आता पहिल्या ओळीत तेच आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरून वावरात जायचा सरळ रस्ता काकूंच्या दारावरून जातो, दहा मिनिटांचा. बाबा रजेवर आले की त्या रस्त्यानं जात नाहीत. नाल्यात उतरून, पलीकडे चढून, बाभळीतून जातात. त्या गुडघ्यांनी त्यांना पाऊण तास लागतो. मी बंडी जुंपतो म्हणालो तर नको म्हणतात. नाला उतरताना काठी आधी खाली ठेवतात, मग बसतात, मग हातावर भार देऊन एकेक पाय खाली घेतात. मी मागं उभा असतो. हात दिलेला चालत नाही.

शंकूसाखळी | ८ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालो, भूकरमापक होतो. एक प्रश्न विचारतो, कुणीच विचारला नाही म्हणून. ज्या धुऱ्यावरून हे झालं, तो धुरा पुढं मोजला का?

अडाणकाठ | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

नाही. त्यानंतर त्या धुऱ्यावर आमच्यातलं कोणी गेलंच नाही. दोन्हीकडून हातभर जागा सोडून नांगरतात. मधे तरोटा आणि बोरी माजल्यात.

शंकूसाखळी | ८ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मग शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे पोलीस खरंच लिहितात की हो. ज्या जागेवरून माणूस गेला ती जागा सोळा वर्षं तशीच पडलीय. उद्या दोन्ही घरची पोरं मोठी होऊन पुन्हा तिथंच उभी राहतील. तालुक्यात मी अशी प्रकरणं पाहिलीत: खून झाला, जन्मठेप झाली, नातवंडं झाली, हद्द मात्र कुणी मोजली नाही.

भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. गट नंबर, ताजा सातबारा, लगतच्या कब्जेदारांची नावं. द्रुतगती, म्हणजे लवकरच्या मोजणीची फी भरा. त्यांना रीतसर नोटीस जाईल. मोजणीच्या दिवशी त्या स्वतः किंवा त्यांचा माणूस हजर राहील, नकाशाची 'क' प्रत मिळेल. त्यांना मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागायचा त्यांचा हक्क आहे, हे आधीच कबूल करा. आणि हद्द तुमच्या वावरात सरकली तर एक शब्द न बोलता सोडायची तयारी ठेवूनच अर्ज करा. नाहीतर करू नका.

बराक_नंबर | ८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

हा कागद दीडशे सह्यांहून जड आहे, गुरुजी. पोलीस अहवालाच्या वाक्याला थेट उत्तर आहे.

पांढरी_माती | ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

फाईलसाठी करू नका. पण करा.

अडाणकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

काल बाबांना पोचवून आलो. सकाळी एसटीनं निघालो. मोठ्या आईनं निरोप घेताना त्यांच्या शर्टाची वरची गुंडी लावली आणि "जा" म्हणाल्या.

सायंकाळच्या आत दाराशी होतो. त्यांनी पिशवीतून चष्मा, औषधाची चिठ्ठी आणि रजेचा आदेश काढून हातात धरला, बाकी पिशवी माझ्याकडे दिली. मोजणीचा अर्ज केलाय, हे मी त्यांना तिथं उभं असताना सांगितलं. सुटकेचं काही बोललो नाही, बराक_नंबर यांचं ऐकलं. बाबा म्हणाले, "मोजनी त्याच दिवशी कराची होती." आणि आत गेले.

मुदतपूर्व सुटकेचा अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत दिलाय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळालेत. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे मला सोळा वर्षं ठाऊक नव्हतं. १५१०० वर फोन केला की रस्ता दाखवतात. निकालपत्रही काढलं. "आरोपी पूर्वतयारीनिशी आला होता असे दिसून येत नाही" असं एक वाक्य त्यात आहे. ते ताईंना पाठवलंय.

सह्या घेतल्या नाहीत.

कोर्टाची_पायरी | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.००

मिळालं. चांगलं वाक्य आहे. तीन महिन्यांनी प्रस्ताव कुठे आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. नकार आलाच तर कारणासकट लेखी मागा. त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं आणि पुढे पुन्हा विचारही होऊ शकतो. वैद्यकीय अहवाल ताजा ठेवा.

हिंजवडीतला_वऱ्हाडी | २४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

काका, बाबांना खुल्या कारागृहात नाही का घेता येणार? आमच्याकडे मोर्शीला आहे. तिथं शेती असते ना?

बराक_नंबर | २४ नोव्हेंबर, दुपारी २.१५

आहे, आणि शेतकऱ्याला तिथं मोकळं वाटतं. पण तिथं कामाला धडधाकट माणूस लागतो. या वयात, या गुडघ्यांनी निवड होणं कठीण. खुलं कारागृह दहा वर्षांपूर्वी मागायला हवं होतं. आत असलेल्या तरुण कैद्यांच्या घरच्यांनी हे वाचत असाल तर आत्ताच विचारा.

अडाणकाठ | १९ डिसेंबर, रात्री १०.३०

आज मोजणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहाला भूकरमापक आले, यंत्र लावलं. काकू स्वतः आल्या होत्या, दोन्ही मुलं घेऊन. धाकटा, माझा विद्यार्थी, आता सव्वीसचा आहे. मी त्याला नावानं हाक मारली. त्यानं मान हलवली. बाकी बोलणं नाही. कोतवालानं बोरी तोडून वाट केली. ज्या जागेवर ते पडले होते तिथून जाताना काकू थांबल्या नाहीत, नजर समोर ठेवून चालत गेल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागं.

हद्द आमच्या वावरात साडेचार फूट आत निघाली, धुऱ्याच्या पूर्ण लांबीला. म्हणजे २००९ मध्ये ते जे म्हणत होते ते बरोबर होतं. आमचे बाबा चुकत होते.

खुणा ठोकल्या. त्या साडेचार फुटांत आमच्या तुरीच्या दोन ओळी उभ्या आहेत, शेंगा भरलेल्या. काकू पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "तुरी तुमच्या हायेत. काढून घ्या, मंग सोडा." मी म्हणालो, "वावर तुमचं, तर तुरी तुमच्या." त्या काही बोलल्या नाहीत. पंचनाम्यावर आधी त्यांनी अंगठा दिला, मग मी सही केली.

निघताना म्हणाल्या, "पोलीस आले होते इचाराले. मी काय सांगतलं ते इचारू नका." मी विचारलं नाही.

शंकूसाखळी | २० डिसेंबर, सकाळी ७.१५

'क' प्रत आली की दगड पक्के रोवून घ्या, दोन्ही घरच्या माणसांसमोर. आणि खर्च तुम्ही करा.

पांढरी_माती | २० डिसेंबर, रात्री ११.४०

वाचलं. रडले. त्यांनी पोलिसांना काय सांगितलं असेल ते त्यांच्यापाशीच राहू द्या, गुरुजी. तुम्ही विचारलं नाहीत, यासाठी तुमचे आभार.

तूरझोडणी | २१ डिसेंबर, सकाळी ६.५०

साडेचार फूट. मानूस गेला न भाऊ साडेचार फुटाले. दोन मानसं गेले मनावं लागते.

अडाणकाठ | १६ जानेवारी, रात्री ९.००

प्रस्ताव पुढे गेलाय, जिल्ह्याचे अभिप्राय पूर्ण झालेत एवढं वकिलांकडून कळलं. काय अभिप्राय आहेत ते माहीत नाही. निर्णय व्हायचा आहे, किती दिवस लागतील सांगता येत नाही. मोठ्या आई वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात.

संक्रांतीला बाबांचा कारागृहातून फोन आला. त्या फोनला वेळ मोजून मिळते, म्हणून ते आधी तब्येत विचारतात, मग ढोरं, मग पीक. मी मोजणीचं सांगितलं. साडेचार फूट म्हणालो. पलीकडून आवाज येईना, मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाले, "आपल्याकडं?"

"हो बाबा. आपल्या वावरात. त्यांचं होतं."

पुन्हा शांत. मागं कोणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता.

"त्या जाग्यावर काय होतं यंदा?"

"तूर होती. दोन ओळी."

"कोनं कापली?"

"त्यांनीच. दोघं भाऊ आले होते."

"झोडली?"

"झोडली."

"किती झाली?"

मी म्हणालो, विचारून सांगतो. वेळ संपली.

काल त्या रस्त्यानं गेलो. धाकटा अंगणात तुरी वाळू घालत होता. थांबून विचारलं. तो म्हणाला, "दोन ओळींची वेगळी नाई केली सर, सगळीत मिसळली." मग थोडं थांबून म्हणाला, "पायली-दीड पायली असन."

पुढच्या फोनला बाबांना तेवढं सांगायचं आहे.